दुर्मिळ आडनाव म्हणजे सरदारकी? त्शेब्यातोफ्स्कींचं एवढं कौतुक पुरे

ग्दान्स्की (धागाकर्ता):
काल 'युरोपातली सरदार घराणी' या धाग्यावर इतिहासवेडा यांनी ठोकून दिलं: "त्शेब्यातोफ्स्की हे पोलंडमधलं अतिदुर्मिळ आडनाव. शेवटी स्की, म्हणजे अस्सल सरदार. हे लोक त्शेब्यातूफ शहराचे मालक. आज जगात जेवढे त्शेब्यातोफ्स्की आहेत ते सगळे एका पुरुषाचे वंशज." खाली 'वा', 'माहितीपूर्ण', 'अजून येऊ द्या' यांची रांग. तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी स्कीचं बघू. पोलंडमध्ये सर्वांत जास्त लोक नोवाक, सुमारे दोन लाख. त्यांच्या मागोमाग कोवाल्स्की. कोवाल म्हणजे लोहार. आता हे लाखावर कोवाल्स्की कुठल्या गढीचे सरदार ते सांगा. गावाच्या नावाला स्की जोडून आडनाव करायचं ही मूळची जमीनवाल्या श्लाख्तांची (पोलिश उमरावांची) रीत, हे मान्य. पण ती बघून शहरातल्या कारागिरांनी उचलली, मग शेतकऱ्यांनी उचलली. पाच-सहाशे वर्षांत त्या स्कीचं काय उरणार?

आता गाव. त्शेब्यातूफ हे शहर रेगा नदीवर, पार पश्चिमेला. या आडनावाचं गाव त्शेब्यात्कोवा, बितूफजवळचं, उत्तर पोलंडमधल्या काशुब लोकांच्या मुलखातलं. दोन्हींत दीडशे किलोमीटरचं अंतर. नकाशावर नाव सारखं दिसलं की घराण्याला शहर बहाल करायचं, असं चालत नाही.

आणि 'एका पुरुषाचे वंशज' हे तर फारच झालं. बितूफच्या आसपास एकेक खेडं कित्येक छोट्या श्लाख्ता कुटुंबांत वाटलेलं असायचं. सगळ्यांचं गाव एक, म्हणून सगळेच त्शेब्यातोफ्स्की. मग ओळखायचं कसं? पुढे टोपणनाव लावून. युत्शेन्का-त्शेब्यातोफ्स्की, झ्मुदा-त्शेब्यातोफ्स्की, मालेक-त्शेब्यातोफ्स्की. शेजारच्या रेकोवोचे तसेच: वान्तोख-रेकोफ्स्की, स्तिप-रेकोफ्स्की, व्रिच-रेकोफ्स्की. टोपणनाव वेगळं, बऱ्याचदा कुलचिन्हही वेगळं. आपल्याकडे एका गावचे सगळे 'कर' एका रक्ताचे असतात का?

माझ्या ऑफिसात असे एक जोडनाववाले आहेत. पगाराच्या सॉफ्टवेअरात आडनावाचा रकाना आखूड, त्यामुळे पावतीवर नाव 'युत्शेन्का त्शेब्या' एवढ्यावर तुटतं. त्यांना सरदारकीबद्दल विचारलं तर म्हणाले, "आजोबांकडे दोन गाई आणि खडकाळ वावर होतं."

इतिहासवेडा:
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. निदान पूर्ण वाचून काढला असतात.

प्रशियाने या घराण्यांना 'फोन' (von, जर्मन उमरावांच्या आडनावाआधी लागतं ते) लावू दिलं की नाही? लावू दिलं. बितूफ-लेम्बोर्क भाग १६५७ मध्ये ब्रांडेनबुर्गकडे, म्हणजे पुढच्या प्रशियाकडे, गेला. त्या राजवटीने कागदपत्रात या लोकांना उमराव म्हणून धरलं, त्यांची पोरं अधिकारी म्हणून सैन्यात घेतली. नेपोलियनची पाठ फिरल्यावर १८१२ च्या डिसेंबरात टाउरोगेनला रशियाशी परस्पर तह करणारा प्रशियाचा सेनापती योर्क ऐकलाय? त्याचं घराणं बितूफजवळच्या गोस्तकोवोचं. यार्क हे टोपणनाव, गोस्तकोफ्स्की हे आडनाव. यार्कचं योर्क झालं आणि लोक त्याला इंग्रज समजायला लागले. हा तुमचा दोन गाईंवाला वर्ग बरं का!

कोवाल्स्कीचं उदाहरण मला शिकवू नका. मी दुर्मिळ आडनावांबद्दल बोलत होतो.

शंकासूर:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण दोघांनाही एक प्रश्न: दुर्मिळ म्हणजे किती? एक म्हणतो अतिदुर्मिळ, दुसरा म्हणतो तसं काही नाही. विदा (आकडे) कुणीच देत नाही. नेहमीचंच.

ग्दान्स्की:
@इतिहासवेडा, योर्क हे उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. हे लोक कागदोपत्री उमराव होते हे मी नाकारलंच नाही. पोलंड-लिथुएनियात आठ-दहा टक्के लोक श्लाख्ता होते. एवढे उमराव म्हटल्यावर त्यातले बहुतेक स्वतःच नांगर धरणार. अशा घरांतली पोरं सैन्यात जायची, कारण घरी वाटायला जमीन फारशी नसायची. आणि उमरावपणाचा माज करायचा असेल तर सगळा हिशोब मांडा. वॉर्साचा १९४४ चा उठाव रक्तात बुडवणारा नाझी एस्एस्वाला बाख-झेलेव्स्की याच मुलखातल्या श्लाख्ता घराण्यातला. आडनावात स्लाव वास येतो म्हणून त्याने युद्धाच्या काळात झेलेव्स्की गाळून नुसतं बाख ठेवलं. आणि त्याच वर्गातला यान स्तिप-रेकोफ्स्की, जर्मनीतल्या पोलिश संघटनेचा कार्यकर्ता, १९४२ मध्ये साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत मेला. आडनावावरून माणूस ओळखणाऱ्यांनी सांगावं, यातला खरा सरदार कोण?

@शंकासूर, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सोपं नाही. काझिमिएझ रिमुतने १९९० च्या दशकात सरकारी पेसेल (नागरिकांच्या ओळखक्रमांकाच्या) नोंदींवरून आडनावांचा दहा खंडी कोश केला. आता मंत्रालयच आडनावांच्या याद्या जाहीर करतं. पण यंत्राला अक्कल नसते. युत्शेन्का-त्शेब्यातोफ्स्की मध्ये छोटी रेघ देऊन वेगळं, रेघ न देता वेगळं, नुसतं त्शेब्यातोफ्स्की वेगळं. जर्मनीत गेलेले 'फोन' लावून वेगळे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये स्टीव्हन्स पॉइंटच्या बाजूला हे आडनाव आजही सहज भेटतं, कारण १८५० च्या दशकाच्या शेवटापासून काशुब तिकडे जाऊन वसले. ते पोलंडच्या यादीत कुठून येणार? एक ढीग दहा कोपऱ्यांत टाकला आणि प्रत्येक कोपरा बघून म्हणायचं, 'किती कमी!'

मृ_गो:
आणि बायका? पुरुषांच्या आणि बायकांच्या याद्या वेगळ्या असतात, हे लेखकराव विसरले. स्की शोधलंत तर अर्धा देश गायब. बायका स्का असतात.

हे मी फार भोगलंय. नवरा पोलिश, आडनावात स्की. लग्नानंतर मी स्का. मुलगी जन्मली तीही स्का, कारण तिथे तसंच नोंदवतात. मग मुलीचं ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाच्यांचं) कार्ड काढायला गेले. खिडकीवरचा माणूस म्हणे, "मॅडम, वडिलांचं स्पेलिंग आय, मुलीचं ए. मिसमॅच आहे." मी म्हटलं तिकडे असंच असतं. म्हणे, "मग तुमचंही चुकलंय." शेवटी, मी आणि माझी मुलगी एकाच बापाच्या-नवऱ्याच्या आडनावाच्या आहोत, असं प्रतिज्ञापत्र शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करून दिलं. तो कागद अजून फायलीत आहे, पुढच्या खेपेला लागणारच.

काकाश्री:
अवांतर: म्हणून म्हणतो लग्नानंतर आडनाव बदलायचंच कशाला? पाश्चात्त्यांचं अनुकरण करायचं आणि मग इथल्या बाबूंना नावं ठेवायची.

मृ_गो:
काका, मी आडनाव बदललं नसतं तरी मुलगी स्काच झाली असती. वाचा आधी. आणि अनुकरण कसलं? तिथे नवराही बायकोचं आडनाव घेऊ शकतो, दोघं आपापलं ठेवू शकतात, किंवा जोडून लावू शकतात. तुमच्या पिढीत किती नवऱ्यांनी बायकोचं लावलं, तेवढं सांगा.

काकाश्री:
आमच्या पिढीवर येऊ नका. आमच्या पिढीने एकेका घराण्याचं नाव टिकवलं, म्हणून तुम्हाला आज इथे आडनावांवर चर्चा करता येते.

शंकासूर:
धागा आडनावांचा, भांडण सासू-सुनेचं. चालू द्या.

मृ_गो:
शंकासूर, भांडण नाही, हाच मुद्दा आहे. जरा ऐका. पोलंडच्या कायद्यात लग्नानंतरच्या जोड आडनावात जास्तीत जास्त दोन भाग चालतात. आता युत्शेन्का-त्शेब्यातोफ्स्का नावाची मुलगी एखाद्या नोवाकशी लग्न करते आणि तिला नोवाक जोडायचंय. तिसरा भाग लावता येत नाही, म्हणून काहीतरी कापायलाच लागतं. युत्शेन्का गेलं तर ती नुसती त्शेब्यातोफ्स्का-नोवाक. त्शेब्यातोफ्स्का गेलं तर गावच गेलं. दुर्मिळ आडनावं सरदारकीमुळे दुर्मिळ होत नाहीत, अशी लग्नाच्या टेबलावर कापली जातात. आणि कापणारीचं नाव मात्र कुठल्या वंशावळीत नसतं.

आमच्या सासूबाईंच्या माहेरच्या कबरस्तानात एक जुना दगड आहे. वर नवऱ्याचं आडनाव, खाली बायकोचं तेच, पुढे 'ओवा' लावून. म्हणजे त्याची बायको. बाजूला लेकीची छोटी पाटी, तिला 'उव्ना' लावलेलं; म्हणजे लग्न न झालेली मुलगी. एकाच कुटुंबाची तीन आडनावं. आता ही रीत जवळपास गेली. मोजणारा ती तीन घराणी म्हणून मोजेल.

रंकाळ्यावरचा:
पोलिश आडनावांवर एवढा रतीब आणि कुणी वळिवड्याचं नाव घेत नाही? कमाल आहे. १९४३ ते १९४८, कोल्हापूरशेजारी वळिवड्याला पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले. सायबेरियातून इराणमार्गे आलेले, बहुतेक बायका आणि मुलं. पण इंटरनेट उघडलं की सगळं कौतुक पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या महाराजांचं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या पेपरांना वळिवडे कुठे आहे ते कळलं.

आता मुद्द्याचं. माझ्या पणजोबांचं छावणीजवळ किराणा दुकान होतं. त्यांची उधारीची वही घरात आहे. जांभळी शाई, उभट अक्षर. पानांवर पानं 'कवलस्का', 'विश्नेस्का', 'याब्लोस्का'. पुढे साबण, तेल, बटाटे, आणि दर महिन्याला 'चुकते'. स्की एकही नाही. छावणीत बायकाच जास्त, मग असणार कसा? पणजोबांना वाटायचं स्का म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. त्यामुळे पुढे कुणाला वेगळं 'बाई' लावलेलं नाही. आणि एका पुरुषाच्या नावापुढे कंस करून लिहिलंय, 'ह्याला स्का नाही'.

इतिहासवेडा:
छान किस्सा. पण त्या छावणीतले लोक पूर्व पोलंडमधले. त्यांचा काशुबांशी काय संबंध? उगाच भावनिक करायचं.

रंकाळ्यावरचा:
भावनिक? आमच्या घरात पाच वर्षं त्या लोकांची उधारी चालली आणि एकानंही बुडवली नाही. त्याला भावनिक म्हणतात? तुमची सगळी सरदार घराणी एकीकडे आणि ती 'चुकते' एकीकडे!

ग्दान्स्की:
इतिहासवेडांचं तेवढं बरोबर आहे, छावणीतले लोक त्या मुलखातले नव्हते. (लिहिताना त्रास झाला.) पण वही आपल्या कामाची आहे. त्या दुकानात बसून कुणी पोलिश आडनावं मोजली असती तर निष्कर्ष निघाला असता: स्की हे अत्यंत दुर्मिळ.

इतिहासवेडा:
टोमणा कळला. बरं, शहराचा मुद्दा मी सोडतो. त्शेब्यातूफ राहू दे. 'एका पुरुषाचे वंशज' हेही जरा जास्त झालं म्हणा, कारण आता म्हटलं नाही तर तुम्ही झोपू देणार नाही. पण सरदारकीवर मी ठाम आहे. १९२१ च्या राज्यघटनेनं पोलंडमधल्या पदव्या रद्द केल्या, रक्त नाही.

शंकासूर:
अहो, रक्ताचंच तर ठरलं ना, की ते एक नाही! आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. किती?

मृ_गो:
रेघ असलेले, रेघ नसलेले, स्की, स्का, 'फोन'वाले, विस्कॉन्सिनवाले, सगळे एकत्र मोजा आणि मग या. तोपर्यंत दुर्मिळ हा शब्द वापरायला बंदी.

काकाश्री:
बंदी घालायला तुम्ही कोण? हेच ते.

रंकाळ्यावरचा:
वहीच्या पानांचे फोटो उद्या टाकतो, पण वेगळ्या धाग्यावर. इथे नाही. आणि तिथे कुणी जामनगर काढलं तर मी फोटो लगेच काढून टाकणार.