मदत हवी आहे: बाथरूमचं काम अर्धवट, मिस्त्री आणि प्लंबर एकमेकांकडे बोट दाखवतायत (कोथरूड, पुणे)

खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली म्हणून बाथरूमचं काम काढलं. जुन्या फरशा नि कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर) फोडला, नवा कोबा घातला, वर केमिकल कोटिंग झालं. टाइल्स लावण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवलं, तर खाली नेमकं नहाणी ट्रॅपभोवतीच (जमिनीवरचं पाणी जिथून वाहून जातं ते जाळीखालचं भांडं) ओलीचं कडं उमटलं. भिंतीकडची बाजू कोरडी ठणठणीत.

प्लंबर म्हणतो कोबा कच्चा, मिस्त्री म्हणतो ट्रॅपचा जॉइंट नीट भरलेला नाही. दोघांना एकत्र बोलावलं की एक जण हमखास येत नाही, आता तर फोनही उचलत नाहीत. निम्म्याहून जास्त पैसे देऊन झालेत. खालच्या आजींच्या बाथरूममध्ये पोपडे पडतायत, त्याचा जीवाला घोर लागलाय.

नळाची लाइन ठीक असावी. पाणी भरलेलं नसताना ओल वाढत नाही. नवा ठेकेदार म्हणतो, "दुसऱ्याच्या कामाची गॅरंटी देणार नाही, सगळं पुन्हा फोडा." घरात दुसरं बाथरूम नाही, त्यामुळे काम लांबवणं शक्य नाही.

फक्त ट्रॅपभोवतीचा भाग फोडून, ट्रॅप बदलून तेवढंच ग्राउटिंग (फटी भरणं) आणि कोटिंग कोणी केलंय का? पावसाळ्यानंतरही टिकलं का? आणि अर्धवट काम हाती घेणाऱ्याकडून लेखी काय घ्यावं, शेवटचा हप्ता कधीपर्यंत रोखून धरावा?