‘क्रीडमूर आठशे यार्डांना पुरे’ म्हणणाऱ्यांना: लांब पल्ल्याच्या मोठ्या शिकारीचं काडतूस

खारा_वारा, देवगड

परवा इथं एका महाशयांनी ठोकून दिलं, ‘मोठ्या जनावराला ६.५ क्रीडमूर आठशे यार्डांपर्यंत पुरे. .३०० विन मॅग म्हणजे खांद्याला मार आणि खिशाला चाट. आणि इशापूरची .३१५ तर भंगारात घाला.’ खाली अंगठ्यांची रांग. नव्यांसाठी: ६.५ क्रीडमूर हे हलकं आणि .३०० विन मॅग हे जोरदार रायफल काडतूस, .३१५ ही इशापूरच्या सरकारी कारखान्याची रायफल. म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९७२ च्या कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद आहे हे सगळ्यांना पाठ आहे. बोलतोय ते नामिबिया किंवा कॉलोराडोला रीतसर परवान्यावर जाणाऱ्यांबद्दल, तेव्हा त्यावरून कोणी सुरू होऊ नका.

क्रीडमूरची १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ईएलडी-एक्स ही शिकारीची गोळी नळीतून निघते सेकंदाला २७०० फूट वेगानं. ५०० यार्डांवर उरतात २००० च्या आसपास, ऊर्जा १३०० फूट-पाउंड. ८०० ला वेग १७०० च्या खाली आणि ऊर्जा ९०० च्या घरात. शिसं भरलेली गोळी साधारण १८०० च्या खाली नीट फुलेल याचा भरवसा नसतो, निव्वळ तांब्याची तर त्याहून जास्त वेग मागते. न फुललेली गोळी पेन्सिलीएवढं भोक पाडून पलीकडे जाते आणि सव्वातीनशे किलोचा एल्क (अमेरिकेतलं मोठं हरीण) जखम घेऊन दोन डोंगर ओलांडतो. शोधत बसा.

.३०० विन मॅगची २०० ग्रेनची गोळी २८५० नं निघते. ५०० वर २००० फूट-पाउंडांच्या वर. क्रीडमूर ५०० ला जेवढी ऊर्जा देते तेवढी ही साडेआठशेच्या आसपास देते. आता सांगा, खिशाला चाट कुठे बसली?

कुडाळी_कॅलिबर

खारा_वारा, तुमचेच आकडे तुम्हाला परत करतो. दोन्ही गोळ्यांचा बीसी (हवा कापण्याचा गुणांक) जवळपास सारखा, .६ च्या आसपास. म्हणजे हवेत वेग गमावण्याची चालही सारखीच. २८५० वरून सुरू झालेली गोळी २७०० वर यायला शंभरेक यार्ड लागतात, आणि तिथून पुढे ती वेगाच्या बाबतीत क्रीडमूरच. तुमच्याच १८०० च्या कसोटीवर क्रीडमूर पावणेसातशे-सातशेला थांबते, विन मॅग आठशेच्या जरा अलीकडे. दुप्पट धक्का खाऊन कमावले किती, तर शंभर यार्ड!

फूट-पाउंडांनी जनावर मरत नाही, फुफ्फुस फाटल्यानं मरतं. आत शिरण्यासाठी सेक्शनल डेन्सिटी (जाडीच्या मानानं गोळीचं वजन) बघा: १४३ ग्रेन ६.५ ची .२९३, २०० ग्रेन .३० ची .३०१. हा फरक जनावराला कळणार आहे का? स्वीडनमध्ये मूस हरणासारखं धूड पिढ्यानपिढ्या ६.५×५५ नं मारतात. तिथल्या नियमात १० ग्रॅम किंवा जास्त वजनाच्या गोळीला १०० मीटरवर २००० जूल पुरतात, आणि १५६ ग्रेनची गोळी बरोबर त्यात बसते.

आणि वारा. दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात ५०० यार्डांवर क्रीडमूर सुमारे १५ इंच सरकते, विन मॅग १३. दोन इंच वाचले. वाऱ्याचा अंदाज पाच मैलांनी चुकला तर दोन्हीकडे सहा-सात इंच जातात. ते काडतूस बदलून परत येत नाहीत, सरावानं येतात. ८ पाउंडांच्या रायफलीत क्रीडमूरचा धक्का १२-१३ फूट-पाउंड, विन मॅगचा २५ च्या वर. एका बैठकीत चाळीस राउंड कशानं मारता येतील ते तुम्हीच ठरवा. पंधराव्या राउंडनंतर चाप ओढताना डोळे मिटणारे मॅग्नमवाले रेंजवर ओळखू येतात.

ओसिक्स_मास्तर, रत्नागिरी

दोघं भांडा, तोवर .३०-०६ चं नाव मी काढतो. १९०६ चं काडतूस, १८० ग्रेन, २७०० फूट, धक्का वीसच्या आसपास. ४०० यार्डांपर्यंत एल्क, आफ्रिकेतली कुडू आणि ओरिक्स ही मोठी हरणं, सगळं झालं. त्यापुढे मारायची गरज का पडते, हा प्रश्न विचारला की नव्या मंडळींना राग येतो. जवळ सरकता येत नाही म्हणून लांबून मारायचं, आणि त्याला नाव द्यायचं ‘लॉंग रेंज’.

अंतराबद्दल कोणी बोललंच नाही. क्रीडमूर २०० वर झिरो केली (तिथं नेम जुळवला) तर ५०० ला ४३ इंचांच्या आसपास पडते, म्हणजे २.४ मिल (दुर्बिणीवरचं कोनाचं माप). रेंजफाइंडरनं जनावराऐवजी मागचं झुडूप पकडलं आणि २५ यार्ड जास्त दाखवले, तर टरेट (दुर्बिणीवरचं उंची जुळवायचं बटण) तेवढं जास्त फिरतं आणि गोळी चार-पाच इंच वर लागते. कुडूचं हृदय आपण समजतो त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर धरायचं. तिथून तेवढं वर म्हणजे हृदय चुकलं, आणि आधीच थोडं वर धरलं असेल तर मग कितीतरी तास माग काढणं.

झिरो समुद्रसपाटीवर करून विंडहुकला गेलात तर तिथली उंची १६०० मीटरच्या वर. हवा विरळ, ५०० ला दोनेक इंच गोळी वरच लागेल. उतरल्यावर झिरो परत तपासा.

सागरी_शिस्त, दापोली

मास्तर, उंचीचं बरोबर. पण आपल्या कोकणातली दमट हवा जड असते म्हणून इथं गोळी जास्तच पडते, हेही लिहा की.

ओसिक्स_मास्तर, रत्नागिरी

नाही लिहिणार, कारण ते चूक आहे. वाफेचा रेणू कोरड्या हवेपेक्षा हलका. दमट हवा किंचित विरळच असते, आणि तो फरक एवढा लहान की ड्रॉप कार्डावर (कुठल्या अंतराला गोळी किती पडते त्याच्या तक्त्यावर) मांडण्याच्या लायकीचा नाही. तापमान आणि दाब बघा. दमटपणाचा त्रास गोळीला नाही, रायफलीला होतो. पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगतो, फोर-एंड (दस्त्याचा पुढचा भाग) नळीला टेकतो आणि झिरो सरकतो. नोटेचा कागद दस्ता आणि नळी यांच्यामधून सरकत नसेल तर आधी तो लाकडाचा भाग घासा, दुर्बिणीला दोष नंतर द्या.

सागरी_शिस्त, दापोली

पुस्तकी आहे हो सगळं. राजापूरच्या एकाची .३१५ दर श्रावणात खाली मारते, अख्ख्या वाडीला माहीत आहे.

कुडाळी_कॅलिबर

मास्तरांनी आत्ताच कारण सांगितलं, दस्ता. वाचा तरी.

बागायतवालो, दोडामार्ग

अरे बाबांनू, हय डुकरांनी भाताची वाट लावल्यानी, हत्ती माडाचे कोंब खातत, नि तुमी कॉलोराडोच्या गजाली करतास. .३१५ भंगारात घाला म्हणता तो कोण? माझ्या वाडीत तीच एक रायफल आसा, बाकी सगळे बारा बोअर नि ठासणीचे. इलेक्शन इला की त्यो पण पोलीस ठाण्यात जमा. भात पोटरीक येता तेव्हाच नेमकी आचारसंहिता. क्रीडमूर काय, विन मॅग काय, कागदार मारा.

खारा_वारा, देवगड

दादा, धागा वेगळा आहे. रानडुकराचा वेगळा काढा ना.

बागायतवालो, दोडामार्ग

कित्याक? तुमच्या धाग्यात .३१५ चा नाव तुमीच घेतलास.

तिलारी_१२बोअर

हे बरोबर आहे, .३१५ चा अपमान झालाय तर उत्तर द्यायलाच हवं. ती का आहे हे नव्या मुलांना माहीत नाही. .३०३ आणि ७.६२ लष्करी म्हणून निषिद्ध बोअर, परवान्यावर मिळत नाहीत. म्हणून जुनं ८×५०आर मॅनलिखर काडतूस घेऊन इशापूरला नागरिकांसाठी रायफल बनवली. २४४ ग्रेनची बोथट गोळी, वेग २००० च्या आसपास. शंभरावर झिरो केली तर दोनशेला सुमारे १० इंच खाली. लांब पल्ल्याचं हत्यार नाही, कबूल. पण शंभर यार्डांत डुकराच्या खांद्यातून आरपार जाते.

तरीही शेतात .३१५ नको असंच मी म्हणेन. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरच्या हिशेबात जाते. आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या, मध्ये उघडा कातळ. जांभ्यावर तिरकी बसलेली गोळी कुठे उडेल सांगता येत नाही. मागे मातीचा उतार नसेल तर चापाला हात लावू नये. बारा बोअरमध्ये एलजी (मोठे छर्रे) ३५-४० यार्डांच्या आत, त्यापुढे छर्रे पसरतात आणि डुक्कर जखमी होऊन पळतं. बॉल (एकच मोठी गोळी) वापरायचा तर चोक नसलेल्या, म्हणजे तोंडाशी न निमुळत्या नळीतून.

सागरी_शिस्त, दापोली

आणि परवानगी? शेती संरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. वनखात्याची लेखी परवानगी वेगळी, पंचनामा वेगळा. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि मग कोर्टाच्या पायऱ्या चढतात. त्याहून वाईट म्हणजे कुंपणात वीज सोडणारे आणि गावठी बॉम्ब पेरणारे. त्यात गुरं मरतात, माणसं मरतात.

बागायतवालो, दोडामार्ग

परवानगी येयसर भात संपता. बंदूक जमा करूक मात्र एका दिवसात नोटीस येता.

तिलारी_१२बोअर

जमा करण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो. निवडणूक आयोगाच्या सूचनांत सरसकट सगळ्यांच्या बंदुका उचला असं नाही. छाननी समितीनं परवानेदार बघून ठरवायचं असतं: जामिनावर असलेले, गुन्हे नोंदलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले. तुमचं नाव त्यात नसेल तर समितीकडे लेखी अर्ज करा, शेतात पीक उभं असल्याचा तलाठ्याचा दाखला जोडा आणि पोच घ्या. तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

आणि जमा करावीच लागली तर देण्याआधी नळीत तेलाचा फडका फिरवा, पावतीवर नंबर आणि अवस्था लिहून घ्या. परत आणल्यावर पहिला बार काढण्याआधी नळीतून उजेड बघा. कुंभारमाशीचं मातीचं घर नळीत सापडू शकतं, आणि त्यावर बार काढला तर नळी फुटू शकते.

खारा_वारा, देवगड

छान. धाग्याचं नाव बदलून ‘आचारसंहिता आणि कुंभारमाशी’ करा.

बागायतवालो, दोडामार्ग

कर मरे. निदान कामाचा तरी काय लिवलेला आसात. तुमच्या दोन हजार फूट-पाउंडांनी माझा एक माड वाचाक नाय.

खारा_वारा, देवगड

माड वाचवायला मी बसलो नव्हतो. एक विषय धरून चार ओळी लिहिल्या की आठवा माणूस स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन हजर. म्हणूनच इथं नीट चर्चा होत नाही.

कुडाळी_कॅलिबर

तापू नका, मूळ प्रश्नाचं उत्तर अजून तुमच्याकडून यायचंय. शंभर यार्डांच्या फायद्याला दुप्पट धक्का का घ्यावा?

खारा_वारा, देवगड

घ्या उत्तर. स्वीडनचा मूस तुम्ही आणलात, पण तिथं बहुतेक गोळ्या जंगलात शे-दीडशे मीटरच्या आत चालतात. त्यावरून ५०० चा निष्कर्ष काढायचा नसतो. दुसरं, सेक्शनल डेन्सिटी सारखी असली तरी .३० ची गोळी जास्त रुंद फुलते आणि ५७ ग्रेन जास्त शिसं घेऊन जाते. जनावर तिरकं उभं असेल आणि गोळी खांद्याच्या हाडातून जायची असेल तिथं हे दिसतं. बाजूनं, स्थिर उभं, फासळीतून, अशा आदर्श जनावराला क्रीडमूर पुरते. जनावरं तशी उभी राहत नाहीत.

नामिबियात कुडू आणि ओरिक्सला नळीच्या तोंडाशी किमान २७०० जूल लागतात. क्रीडमूर ३१०० च्या जरा वर, म्हणजे कायद्यानं चालते पण काठावरच. रानम्हशीला ५४०० जूल. तिथं तुमची क्रीडमूर दारातूनच परत.

कुडाळी_कॅलिबर

तिथं तुमची विन मॅगही परत! ३६०० फूट-पाउंड म्हणजे ४९०० जूल. .३७५ एच अँड एच घेऊन या आणि मग बोला.

खारा_वारा, देवगड

म्हशीला विन मॅग न्या असं मी कुठे लिहिलं? उगाच तोंडात शब्द घालू नका.

ओसिक्स_मास्तर, रत्नागिरी

एक विचारतो. यातलं कुठलं काडतूस तुम्ही देवगडातून नेणार आहात? ६.५ क्रीडमूरची रायफल इथं परवान्यावर कुठल्या दुकानात बघितलीत? नागरिकाला आयात जवळपास बंद, नावाजलेले नेमबाज सोडले तर. इथून जाणारा बहुतेक माणूस तिथली भाड्याची रायफल घेतो. आउटफिटर (तिथं शिकारीची सोय करणारा) देतो ती .३०-०६, .३०८ किंवा .३०० विन मॅग, वर सायलेन्सर लावलेली. त्यानं धक्काही बराच उतरतो. म्हणजे निवड तुमच्या हातात नाही, फक्त तयारी आहे. पोचल्यावर पहिल्या दिवशी शंभरावर तीन राउंड, मग दोनशे आणि तीनशेला, कार्डावरचा ड्रॉप जुळतो का बघा. चाप किती ग्रॅमला सुटतो ते रिकाम्या रायफलीवर आधी अनुभवा. काठीच्या तिपाईवर उभ्यानं धरायचा सराव इथंच करून जा, .१७७ एअर रायफलीवर चालतो. त्याला परवानाही लागत नाही, फक्त तोंडाशी २० जूलच्या आतली हवी.

कुडाळी_कॅलिबर

हे मात्र कोणी नाकारणार नाही. भाड्याची विन मॅग सायलेन्सरसकट मिळत असेल तर मी ती घेईन. हे वाक्य खारा_वारांनी फ्रेम करून लावायला हरकत नाही.

खारा_वारा, देवगड

लावतो. आणि चारशे यार्डांपर्यंत बाजूनं उभ्या कुडूला तुमची क्रीडमूर चालेल, हे त्याच फ्रेमच्या पाठीमागे लिहितो. आठशे मात्र मान्य नाही. मरेपर्यंत नाही.

सागरी_शिस्त, दापोली

बेल्टबद्दल कोणी बोललं नाही. विन मॅगचं काडतूस नळीत बुडाच्या पट्ट्यावर (बेल्टवर) टेकतं, म्हणून पितळी पुंगळी बेल्टच्या जरा वर ताणते आणि रीलोडिंगला, म्हणजे पुन्हा भरून वापरताना, लवकर तडकते. पीआरसी हे नवं काडतूस बिनबेल्टचं आलं, त्याचं हे एक कारण.

खारा_वारा, देवगड

रीलोडिंगला वेगळा धागा काढा, हात जोडतो.

बागायतवालो, दोडामार्ग

तिलारीवाले, तो तलाठ्याचो दाखलो सात-बाराबरोबर जोडूचो की नुसतो चलता? आणि एलजीचे जुने काडतूस आसत, पितळेक हिरवा चढला हा. मारू काय नको?

तिलारी_१२बोअर

सात-बारा जोडाच, पीकपाहणीची नोंद असलेला. काडतुसांचं म्हणाल तर वरचा हिरवा पुसून निघत असेल आणि काडतूस नळीत सहज बसत असेल तर चालेल. पितळ खड्डे पडल्यासारखं झालं असेल किंवा टोपीभोवती हिरवं असेल तर बाजूला काढा. चाप ओढून वाजलं नाही तर लगेच उघडू नका, तीस सेकंद नळी मोकळ्या बाजूला धरून ठेवा, मग उघडा.