जुने ठाणे पायी पाहायचे आहे : सुरुवात कुठून करावी आणि काय खावे?

रविवारचा वाटसरू : गेली अकरा वर्षे मी नोकरीसाठी रोज ठाणे स्थानकावर उतरतो, पण स्थानक ते कार्यालय एवढेच ठाणे मला ठाऊक आहे. जूनमधल्या एका रविवारी वडिलांना घेऊन जुना भाग पायी पाहावा, असे मनात आहे. ते एकाहत्तर वर्षांचे असून सावकाश दोन किलोमीटर चालतात, मात्र त्यांना तिखट सोसत नाही. मिसळ आणि वडापाव यांच्यापलीकडे खास ठाण्याचे म्हणावे असे काही खायला मिळते का?

तलावपाळीकर : सकाळी आठच्या आत पश्चिमेला बाहेर पडा आणि जांभळी नाक्याचा बाजार ओलांडून कौपिनेश्वराच्या देवळात जा. मंदिरासमोर मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी आहे. काठाकाठाने फिरताना सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च लागते आणि तेथून टेंभी नाक्याकडे वळल्यास बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू समाजाचे 1879 सालचे शार हाशामाइम हे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) दिसते. आत जायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी. देऊळ, चर्च आणि सिनेगॉग इतक्या थोड्या अंतरात असूनही वर्षानुवर्षे ठाण्यात राहणाऱ्यांनी ती एका फेरीत पाहिलेली नसतात. मीही त्यांतलाच होतो. मामलेदार कचेरीजवळची मिसळ मात्र वडिलांना देऊ नका, कारण तिथली ‘मध्यम’सुद्धा डोळ्यांतून पाणी काढते.

खारकर आळीची सून : वरचा मार्ग उत्तम आहे, पण जांभळी नाका नुसता ‘ओलांडण्याची’ जागा नाही, एवढी तक्रार नोंदवते. पहिल्या पावसाच्या सुमारास तेथे रानभाज्या घेऊन बायका बसतात आणि त्यांच्याकडे शेवळांच्या जुड्या असतात. ठाण्यातल्या सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत या भाजीची वर्षभर वाट पाहिली जाते. शेवळे खाजरी असतात, म्हणून जुडीबरोबर काकडे ही हिरवी, आंबट, लहान फळे घेतल्याशिवाय निघू नये. विकणारी बाई बहुधा स्वतःच ती पुढे करते. घरी वरचे आवरण सोलून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकावा, उरलेले अगदी बारीक चिरून तेलावर चांगले परतावे आणि काकडे ठेचून काढलेला रस घालून शिजवावे. आम्ही त्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी घालतो. ही भाजी हॉटेलात शोधू नका; ती घरी नेऊनच करावी लागते.

रविवारचा वाटसरू : शेवळांबद्दल आईकडून ऐकले होते, पण काकडे माहीत नव्हती. मग त्या दिवशी बाहेर काय खावे?

तलावपाळीकर : बाजाराची तक्रार मान्य आहे. विष्णुनगरातल्या गजानन वडापावाबरोबर बेसनाची पिवळी, पातळ चटणी मिळते; वडिलांना वडा तिच्याशीच द्यावा आणि मिरचीला हात लावू देऊ नये. तलावापासून तेवढे अंतर मात्र रिक्षाने जा, म्हणजे त्यांचे दोन किलोमीटर बाजारासाठी आणि तलावासाठी शिल्लक राहतील.

खारकर आळीची सून : आणि शेवळे आधी घेऊन पिशवीत कोंबू नका, चुरगळतात. वडा खाऊन परतताना रिक्षा जांभळी नाक्यावरच सोडा आणि तेव्हा घ्या. अकराच्या पुढे मात्र जुड्या शिल्लक राहतीलच असे नाही.