पंप नीट ओढूनही दम उतरत नसेल तर

उतारवयात दम्याच्या पंपाचा (इनहेलरचा) गुण येत नाही तो निव्वळ ओढण्याची पद्धत चुकते म्हणून, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. निम्मं पटलं. पण श्वासनलिकेभोवतीचा स्नायूही बदललेला असतो. पंपातलं साल्ब्युटामॉल हे औषध त्या स्नायूच्या पेशींवरच्या बीटा-२ रिसेप्टरला (औषध पकडणाऱ्या जागेला) चिकटतं, आत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो आणि स्नायू सैलावतो. वयाबरोबर रिसेप्टर आणि ही आतली यंत्रणा यांची सांगड ढिली पडते, त्यामुळे तेवढ्याच मात्रेत स्नायू कमी सैलावतो. इप्राट्रोपियम या पंपातल्या दुसऱ्या औषधाचं तसं नाही. ते ॲसिटिलकोलीन या नसांमधल्या रसायनाचा ‘आवळ’ हा निरोपच अडवतं, आणि त्याचा गुण वयानुसार फारसा घटत नाही.

इथे कुणी डोळ्यांच्या थेंबांबद्दल बोललं नाही, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. वडिलांना ७४व्या वर्षी काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब सुरू झाले आणि पंधरा दिवसांत रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, दहा आकडे मोजत श्वास रोखूनही पंपाचा उपयोग होईना. दम्याच्या औषधांची यादी दोनदा तपासली, पण थेंब त्या यादीत नव्हतेच! टिमोलॉल हा बीटा-ब्लॉकर. डोळ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात, आणि पंपाला जो रिसेप्टर हवा असतो तोच अडवून बसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलून दिले आणि शिट्टी थांबली. थेंब स्वतःहून मात्र बंद करू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.