मदत हवी आहे: कॅम्पर व्हॅनची बॅटरी फुगली, सोलर कंट्रोलर ओव्हरचार्ज करतोय का?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्याच एका गॅरेजकडून ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली आहे. टपावर २०० वॅटचं पॅनल, मागच्या बाकाखालच्या पेटीत १०० एएचची एसएमएफ बॅटरी (सील्ड, पाणी न घालायची) आणि मध्ये २० अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनलची वीज तोडजोड करत बॅटरीत सोडणारा). प्रवासात काही तक्रार नाही. फ्रिज, पंखा, दिवे रात्रभर व्यवस्थित चालतात. पण एरवी गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. लोड शून्य आणि टपावर दिवसभर मे महिन्याचं ऊन.

परवा पेटी उघडली तर कुजक्या अंड्यांसारखा वास. बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगलेल्या, हात ठेववत नव्हता इतकी गरम. भर दुपारी टर्मिनलवर मल्टिमीटर लावला, १५.१ व्होल्ट. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, उन्हाळ्यात बॅटऱ्या जातातच, नवी टाका." टाकतो हो, पण तिचीही हीच गत झाली तर? दोष सेटिंगचा की कंट्रोलरच गेलाय? एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर घेतला तर प्रश्न सुटेल का?

डोंगरवेडा: आधी पॅनल सोडवा, मग बाकीचं. पॅनलची वायर पहिली काढायची, बॅटरीची नंतर; जोडताना बरोबर उलटं. बॅटरी काढून पॅनल तसंच ठेवलं, तर पॅनलचे वीस-बावीस व्होल्ट लोडपर्यंत जाऊ शकतात. दारं उघडी ठेवा आणि गाडीत शेगडी पेटवू नका, अशा बॅटरीतून हायड्रोजन निघतो. कंट्रोलरच्या स्क्रीनवर बॅटरीचा प्रकार काय दिसतो?

धागाकर्ता: पॅनल सोडवलं. स्क्रीनवर "बी३" आहे, गॅरेजवाल्याने लावून दिलं तसंच.

तारकाम: या स्वस्तातल्या कंट्रोलरमध्ये बहुधा बी१ म्हणजे सील्ड, बी२ जेल आणि बी३ पाणी घालायची बॅटरी. म्हणजे सेटिंग चुकीचंच आहे. पण बी३ला सुद्धा तो १४.६च्या आसपास थांबायला हवा. १५.१ गाठले, म्हणजे तो बहुतेक थांबतच नाहीये.

घरच्या घरी बघता येईल. कंट्रोलरच्या सगळ्या वायरी काढा. मल्टिमीटर बीपवर लावून एक टोक सोलरच्या मायनसला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. मग टोकं उलटी करा. दोन्ही वेळा बीप आला तर आतला मॉस्फेट (तोडजोड करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट आहे, म्हणजे पॅनल थेट बॅटरीला जोडल्यात जमा. प्लस-प्लसमध्ये बीप आला तर घाबरू नका, यातल्या बहुतेकांत प्लस आतून एकच असतो आणि तोडजोड मायनसच्या बाजूला होते.

धागाकर्ता: दोन्ही वेळा बीप!

तारकाम: मग त्याचा निकाल लागला. फुगलेली बॅटरीही आता कशालाच वापरू नका, इन्व्हर्टरलाही नाही. नवी घेताना दुकानदाराला एक्स्चेंजमध्ये द्या.

आता एमपीपीटीचं. तो पॅनलमधून जास्त वीज काढतो, पण बॅटरी वाचते ती बरोबर सेटिंगने आणि तापमान बघून. सील्ड बॅटरीची १४.४ व्होल्टची चार्जिंग मर्यादा २५ अंशांसाठी असते. लेड-ॲसिडला प्रत्येक अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. तुमच्या पेटीत ५० अंश होत असतील (बंद गाडी, मे महिना, सहज होतात), तर मर्यादा १३.८ हवी. तिथे १४.६ देत राहिलं तर धडधाकट कंट्रोलरही बॅटरी उकळवेल. म्हणून बाहेरचा तापमान सेन्सर लागतो असाच कंट्रोलर घ्या, मग तो पीडब्ल्यूएम असला तरी चालेल. आतल्या सेन्सरवर भिस्त नको, तो कंट्रोलर जिथे आहे तिथलं तापमान बघतो, बॅटरीचं नाही.

डोंगरवेडा: आणि पॅनलच्या वायरीवर डीसीचा एमसीबी (ट्रिप होणारा स्विच) टाका. घरातला एसीवाला नको, डीसीची ठिणगी त्याच्याने विझेलच असं नाही. महिनाभर गाडी हलणार नसेल तर बॅटरी पूर्ण भरू द्या आणि हा एमसीबी पाडून ठेवा. एसएमएफ तेवढा काळ आरामात टिकते. पॅनलवर ताडपत्री टाकायचा सल्लाही मिळेल, पण वाऱ्याने ती फडफडत राहते आणि काचेवर चरे पडतात.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. मित्र म्हणतो, आता लिथियमच टाक.

तारकाम: टाका, पण कंट्रोलरमध्ये लिथियमचा पर्याय असेल तरच. त्यात इक्वलायझेशन (अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) आणि तापमानाची ती वजाबाकी दोन्ही बंद ठेवायचं. "बीएमएस आहे ना, तो तोडेल" असं दुकानदार सांगतात. बीएमएस म्हणजे लिथियम बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट; ते आणीबाणीसाठी असतं, रोज चार्जिंग थांबवायला नाही. आणि ५० अंशांची पेटी लिथियमलाही सोसत नाही, त्यामुळे काहीही घेतलंत तरी पेटीला हवा खेळायला भोकं पाडाच.

धागाकर्ता: एसएमएफच घेतोय. तो सेन्सर नक्की कुठे चिकटवायचा?

तारकाम: बॅटरीच्या अंगाला, मध्यावर, टेपने घट्ट. वॉशरवाला मिळाला तर सरळ मायनस टर्मिनलच्या नटाखाली.