कार्डबोर्डमधलं भिंग आधी मोजा

मुलांसोबत गुगल कार्डबोर्ड (फोन आत बसवून आभासी वास्तव दाखवणारा पुठ्ठ्याचा चष्मा) बनवणाऱ्यांच्या दोन तक्रारी आहेत: त्यात चित्र अंधुक दिसतं, आणि मान वळवली तरी दृश्य हलत नाही.

अंधुकपणाचं कारण बहुतेक वेळा भिंग आणि स्क्रीनमधलं अंतर असतं, आणि खरा धडा तिथेच आहे! २०१४ च्या मूळ आराखड्यात ४५ मिमी नाभीय अंतराची (लांबच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगापासून जेवढ्यावर पडते ते अंतर) बहिर्वक्र भिंगं होती. स्क्रीन ४३ मिमीवर असेल तर डोळ्याला दिसणारी आभासी प्रतिमा साधारण ९७ सेमीवर पडते. तीच ४० मिमीवर आली की प्रतिमा थेट ३६ सेमीवर येते आणि डोळ्यांवर ताण पडतो. पुठ्ठ्याची घडी तीन मिमी चुकली की एवढा फरक! स्क्रीन ४५ मिमीच्या पलीकडे गेली तर चित्र स्पष्ट होतच नाही. म्हणून पुठ्ठा चिकटवण्याआधी खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा कागदावर घेऊन प्रत्येक भिंगाचं नाभीय अंतर मुलांकडूनच मोजून घ्या. स्वस्त संचातल्या दोन भिंगांत फरक निघाला तर ती जोडी वापरू नका. दहावीचं भिंगाचं सूत्र इथे हातात येतं, फक्त चिन्हसंकेत पाळा: u (भिंग ते स्क्रीन) ऋण, v (भिंग ते प्रतिमा) सुद्धा ऋण.

दृश्य हलत नसेल तर फोनमध्ये जायरोस्कोप (फोन कसा वळतोय ते ओळखणारा संवेदक) आहे का ते आधी बघा, स्वस्त फोनमध्ये बरेचदा नसतो. तो नसताना काही अ‍ॅप दिशेसाठी चुंबकीय संवेदकावर चालतात. मग जुन्या कार्डबोर्डच्या बाजूचं बटणाचं चुंबकच दिशा बिघडवतं. ते काढून ठेवा.