शब्दचर्चा : लाळ, थुंकी की 'लाय'?

आर्वीकर : गावात वाटायला एक पत्रक करतोय. हिरड्या आतून बिघडल्या की त्याच्या खुणा तोंडातल्या ओलाव्यात उतरतात आणि बायोसेन्सर (पत्रकात मी 'जैवसंवेदक' लिहिलंय) त्या टिपतो, असा विषय. मी 'थुंकी तपासणी' लिहिलं होतं. आशाताई म्हणाल्या, "भाऊ, थुंकी नोका लिहू, लोकाईले टीबी वाटते." खरंच, एका आजीला डबी देऊन थुंकी मागितली, तर भिंतीला हात टेकून अशी खाकरली की डबीत बेडकाच आला.

दारव्हेकर : टीबीवाल्यांना बेडकाच लागतो, तुम्हाला नेमका तो नको. सरळ 'लाळ' लिहा. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, डोया, काया, तशी लाय. छापा लाळ, वाचणारा आपसूक लाय म्हणेल.

आर्वीकर : पण लाळ म्हटलं की माणूस गोठ्यात पोचतो हो. लाळ्या-खुरकूत!

दारव्हेकर : मग लेकराचं लाळेरंही आठवू द्या की. खाली एक ओळ टाका : 'खाकरू नका, तोंडात आपोआप साचते ती द्या.'

दातांची डॉक्टर : लाळच. 'जैवसंवेदक' मात्र काढा, संवेदक म्हटलं की मला शोकसंदेश आठवतो. 'जैव' का, तेवढं सांगा. हिरडी सुजली की एमएमपी-८ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लाळेत वाढतं. दात धरून ठेवणारं कोलॅजन तेच तोडतं. सेन्सरवर त्याला पकडणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात, हा जैव भाग. पकडलं की खालचा इलेक्ट्रोड तो बदल विजेच्या आकड्यात दाखवतो. शुगरची पट्टी याच कुळातली, फक्त तिथं पकडणारं विकर असतं. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी ती कल्पना मांडली. गावात शुगरची पट्टी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून 'हिरड्यांची पट्टी' म्हणा. आणि पट्टीवर खूण दिसली म्हणजे पायरिया ठरला असं लिहू नका. दाताभोवती किती खोल फट पडली ते सळई घालून मोजावं लागतं, हाड किती झिजलं ते एक्स-रेत दिसतं.

आर्वीकर : 'हिरड्यांची पट्टी' मीही लिहून पाहिलं, ताई. एका काकांनी विचारलं, "हिरडा उगाळून लावाची पट्टी हाय का?"

दारव्हेकर : त्यांचं काय चुकलं? हिरडा काय, हिरडी काय, 'हिरड्यांची' दोन्हीकडून होतं. 'दातांच्या हिरड्या' लिहा, बाप्पा.